सांताक्रूझच्या पावसात विमान तिरकं का उतरतं? बलांच्या बेरजेचा हिशेब

पावसाळ्यात मुंबईला विमानाने येणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. खिडकीतून घाटकोपरच्या इमारती दिसतात, मग कुर्ल्याची निळ्या ताडपत्रीची छपरं, चाकं बाहेर आल्याचा आवाज होतो, आता टेकलं असं वाटतं आणि तेवढ्यात इंजिनं गर्जतात. विमान नाक वर करून पुन्हा ढगात जातं. आत सगळे गप्प. कुणी दुआ पुटपुटतं, कुणी समोरच्या सीटला घट्ट धरतं. बाहेर हार आणि खजुराची पाकिटं घेऊन उभे असलेले नातेवाईक बोर्डाकडे बघत बसतात. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी हाजी परतायचे दिवस जून-जुलैच्या पावसातच आले होते. त्यामुळे हा प्रसंग आपल्यातल्या बऱ्याच घरांनी पाहिला आहे. दुबई, शारजा, रियाधहून सुट्टीवर येणाऱ्यांना तर तो पाठ आहे.

मग घरी आल्यावर चर्चा होते. पायलट नवीन होता. खाली दुसरं विमान उभं होतं. हवा खराब होती. यातलं दुसरं कारण कधी कधी खरं असतं. तिसरं जवळपास नेहमीच खरं असतं, पण "हवा खराब" म्हणजे नक्की काय खराब, हे कुणी सांगत नाही. हे समजायला लागणारं गणित मोठं नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात "गतीचे नियम" हा पहिलाच धडा आहे. तो घोकून परीक्षा दिलेल्या मुलांनाही सांगता येत नाही की त्यातली संतुलित आणि असंतुलित बलं आपल्या डोक्यावरून रोज जातात.

मिलन सबवेतली रिक्षा

सुरुवात जमिनीवरून करू. सांताक्रूझमध्ये जोराचा पाऊस झाला की मिलन सबवेत पाणी भरतं, हे सांगायला नको. समजा तिथे रिक्षा बंद पडली आणि दोघेजण मदतीला आले. प्रत्येकजण 300 न्यूटन बल लावू शकतो. दोघांनी मागून एकाच दिशेने ढकललं तर 600 न्यूटन. एकाने मागून आणि दुसऱ्याने गैरसमजाने पुढून ढकललं तर शून्य. इथपर्यंत कुणालाही कळतं.

आता रिक्षाच्या पुढच्या भागाला दोन दोर बांधा आणि दोघांना थोडं लांब लांब उभं राहून ओढू द्या. दोरांमध्ये 60 अंशांचा कोन असेल तर रिक्षाला मिळणारं एकूण बल 600 नसतं, साधारण 520 असतं. कोन 90 अंशांचा झाला की 424. आणि 120 अंशांचा झाला की फक्त 300, म्हणजे दोन माणसं घाम गाळताहेत पण रिक्षाला ओढ एकाच माणसाएवढी मिळते आहे. ताकद कुठे गेली? कुठेही गेली नाही. दोघेही जोर लावताहेत, पण त्यातला मोठा भाग एकमेकांच्या विरुद्ध, डावी-उजवीकडे खर्च होतो आहे.

पैशांची बेरीज आणि बलांची बेरीज यात हाच फरक. 300 रुपये आणि 300 रुपये कुठल्याही दिशेने आले तरी 600 होतात. बलाला आकाराबरोबर दिशाही असते, म्हणून पुस्तकात त्याला सदिश राशी म्हणतात. दोन बलं दोन बाण म्हणून काढायची, त्यांवर समांतरभुज चौकोन पूर्ण करायचा, आणि दोन्ही बाण जिथून निघतात तिथून निघणारा कर्ण म्हणजे परिणामी बल. वस्तूला या दोन बलांचा वेगवेगळा अनुभव येत नाही. तिला फक्त तो कर्ण कळतो.

हेच उलट्या बाजूनेही करता येतं, आणि आपल्याला आज ते जास्त उपयोगी आहे. एकच तिरका बाण घेऊन त्याचे दोन तुकडे करायचे. एक आपल्याला हव्या त्या दिशेत, दुसरा त्याला काटकोनात. या तुकड्यांना घटक म्हणतात. तिरक्या गोष्टींचा असा हिशेब करायची कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकात इब्न अल्-हैसम यांनी "किताब अल्-मनाझिर" मध्ये आरशावरून प्रकाश कसा परततो हे समजावताना गतीचे असेच दोन भाग केले होते: एक आरशाला लंब, एक आरशाच्या पृष्ठभागाच्या दिशेने. बलांचा समांतरभुज चौकोन न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथात नीट मांडलेला आहे. व्हॉट्सॲपवर "सगळं आधी आपल्याकडेच होतं" छापाचे मेसेज फिरतात, ते सोडून द्यावेत. इब्न अल्-हैसम यांचं काम इतकं भक्कम आहे की त्यांना न्यूटनचं श्रेय उसनं द्यायची गरज नाही.

उतरताना विमानावर काय काय चाललेलं असतं

मुंबईत उतरणारं मध्यम आकाराचं प्रवासी विमान साधारण 60 टनांचं धरू. त्यावर चार मुख्य बलं असतात. वजन खाली ओढतं, पंखांवरची उचल वर धरते, इंजिनाचा रेटा पुढे ढकलतो आणि हवेचा रोध मागे खेचतो. विमान एकाच वेगाने, एकाच सरळ रेषेत खाली येत असेल तर या चारही बाणांची बेरीज शून्य असते. इथे मुलं हमखास अडखळतात. बल शून्य असेल तर विमान थांबायला हवं ना? नाही. परिणामी बल शून्य याचा अर्थ वेग बदलत नाही एवढाच. ताशी अडीचशे किलोमीटरने जाणारं विमान तसंच जात राहतं.

उतरण्याचा मार्ग जमिनीशी साधारण 3 अंशांचा असतो. आता 60 टन वजनाचे घटक करा. मार्गाला काटकोनात जवळजवळ सगळंच वजन राहतं, 59.9 टनांच्या आसपास. पण मार्गाच्या दिशेने सुमारे 3.1 टनांचा घटक निघतो, आणि तो विमानाला पुढे ढकलतो. इंजिन न वापरता मिळालेला रेटा. म्हणून उतरताना इंजिनांचा आवाज कमी असतो. वैमानिकाला आता वेग वाढू न देता हा रेटा संपवायचा असतो, त्यासाठी पंखांमागचे फ्लॅप खाली सोडून आणि चाकं बाहेर काढून तो रोध वाढवतो. केवळ 3 अंशांच्या उतारात 3 टन लपलेले असतात, हे एकदा कळलं की घाटात ट्रकवाले ब्रेकऐवजी कमी गिअरवर का उतरतात हेही कळतं.

वारा कुठून येतो हे धावपट्टीला विचारा

सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. मोठी सुमारे साडेतीन किलोमीटरची, पूर्व-पश्चिम. तिच्या एका टोकाचा क्रमांक 09 आणि दुसऱ्याचा 27. क्रमांकापुढे शून्य लावलं की दिशा मिळते: 27 म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड. कुर्ला-जरीमरीच्या बाजूने येणारं विमान या 27 वर उतरतं. दुसरी धावपट्टी तीन किलोमीटरपेक्षा थोडी कमी, तिचे क्रमांक 14 आणि 32, म्हणजे ती वायव्य-आग्नेय अशी तिरकी पडलेली आहे.

पावसाळ्यात मुंबईला वारा समुद्राकडून, नैऋत्य ते पश्चिम दिशेने येतो. मोठी धावपट्टी याच वाऱ्याकडे तोंड करून आहे, हा आपल्याला मिळालेला मोठा फायदा. समोरून वारा असला की उतरायला सोपं जातं, ते पुढे बघू.

आकडे घालून बघू. समजा वारा 240 अंशांकडून 20 नॉटने येतो आहे. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. धावपट्टी 27 आणि वारा यांच्यात 30 अंशांचा कोन झाला. घटक करा: समोरून 17.3 नॉट, डावीकडून आडवा 10 नॉट. उत्तम. आता तोच वारा, तोच वेग, पण विमान दुसऱ्या धावपट्टीवर, 32 च्या दिशेने उतरतं आहे असं धरा. कोन 80 अंशांचा. समोरून जेमतेम 3.5 नॉट आणि आडवा 19.7 नॉट. हवा तीच, पण एका पट्टीवर ती मदत करते आणि दुसरीवर जवळजवळ सगळीच्या सगळी बाजूने येते. म्हणून मोठी धावपट्टी बंद पडली की मुंबईचं वेळापत्रक कोसळतं. दुसरी पट्टी लहान आहे हे एक कारण झालं, पण पावसाळ्यात तिचा कोन हेही तेवढंच मोठं कारण आहे.

हे 2019 मध्ये सगळ्यांनी भोगलं. 1 जुलैच्या रात्री जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं बोईंग 737 मुख्य धावपट्टीवरून पुढे जाऊन चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या 24 तासांत सांताक्रूझ वेधशाळेत 375 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. विमान चिखलातून काढून धावपट्टी पुन्हा सुरू व्हायला 5 जुलै उजाडला आणि तोपर्यंत सगळा भार तिरक्या पट्टीवर होता. शेकडो उड्डाणं रद्द झाली किंवा दुसऱ्या शहरांत वळवली गेली. 21 जुलै 2025 लाही कोचीहून आलेलं एअर इंडियाचं विमान मुसळधार पावसात टेकल्यावर धावपट्टीच्या बाहेर गेलं आणि पुन्हा दुसरी पट्टी वापरावी लागली. या घटनांची कारणं ठरवणं तपास करणाऱ्यांचं काम आहे. आपण इथे फक्त त्यातलं सर्वांना लागू असलेलं भौतिकशास्त्र बघतो आहोत.

वर्सोव्याची फेरी आणि तिरकं नाक

आडवा वारा असताना जमिनीवरून पाहिलं तर विमान तिरकं दिसतं. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. बघणाऱ्याला वाटतं वारा त्याला ढकलतो आहे. यात थोडी गफलत आहे. विमान हवेतच तरंगतं, त्यामुळे हवेचा सगळा पट्टा सरकतो आहे तर विमानही त्याच्यासोबत सरकतं. वर्सोवा ते मढ होडीने गेला असाल तर आठवा. भरतीचं पाणी खाडीत आत ओढत असताना नावाडी होडीचं तोंड समोरच्या धक्क्याकडे ठेवत नाही, थोडं प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवतो. होडीचा वेग आणि पाण्याचा वेग यांची बाणांची बेरीज होऊन ती बरोबर धक्क्याला लागते. वेगांची बेरीजही बलांसारखीच, समांतरभुज चौकोनाने होते.

विमानाचा हवेतला वेग 140 नॉट आणि आडवा वारा 10 नॉट असेल तर नाक साधारण 4 अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. आडवा वारा 20 झाला तर 8 अंश. मग जमीन जवळ आली की, चाकं टेकायच्या अगदी आधी, वैमानिक पायाने सुकाणू दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणतो आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली करतो. पंख कलला की उचलीचा बाणही कलतो आणि त्याचा एक छोटा आडवा घटक वाऱ्याच्या विरुद्ध काम करतो. हे सगळं काही सेकंदांत. झोताचा वारा असेल तर आकडे दर सेकंदाला बदलत असतात. "लँडिंग जोरात झालं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ओल्या पट्टीवर वैमानिक मुद्दाम ठाम टेकवतात. टायर पाण्याचा थर फोडून खालच्या काँक्रीट-डांबराला लवकर लागावा म्हणून.

टायरकडे एकच गल्ला असतो

टेकल्यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो विमानात न बसणाऱ्यालाही लागू आहे.

टायर आणि जमीन यांच्यातलं घर्षण दोन कामं करतं. ब्रेक लागल्यावर मागे खेचतं आणि वारा किंवा वळण बाजूला नेत असताना आडवं धरून ठेवतं. ही दोन वेगळी घर्षणं नाहीत. टायरची पकड एकच, तिची कमाल मर्यादा एकच, आणि ही दोन्ही कामं तिचे काटकोनातले घटक आहेत. म्हणजे पायथागोरस: ब्रेकच्या घटकाचा वर्ग अधिक आडव्या घटकाचा वर्ग, ही बेरीज पकडीच्या वर्गाच्या पुढे जाऊ शकत नाही.

कोरड्या पट्टीवर पकड 100 धरू. आडव्या वाऱ्याला तोंड द्यायला 30 लागतात. मग ब्रेकसाठी किती उरले? 70 नाही. 10,000 मधून 900 वजा करा, वर्गमूळ काढा: 95. म्हणजे 30 दिले तरी ब्रेकला फक्त 5 चा फटका. कोरड्यात निसर्ग उदार आहे.

आता पाऊस पडला आणि पकड निम्मी झाली, 50. वारा तोच, त्याला 30 हवेतच. ब्रेकसाठी उरले 2,500 वजा 900, म्हणजे 1,600 चं वर्गमूळ: 40. पकड निम्मी झाली पण ब्रेक 95 वरून 40 वर आला, निम्म्याहून कितीतरी खाली. पावसाने एकट्याने केलं नसतं आणि वाऱ्याने एकट्याने केलं नसतं ते दोघांनी मिळून केलं. आणि पकड 30 वर आली तर? सगळी आडव्या कामात संपली. आता ब्रेक दाबला तर तो आडव्या पकडीतून चोरी करणार आणि विमान बाजूला सरकणार.

म्हणून वैमानिकांच्या नियमपुस्तकात ओल्या धावपट्टीसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा कोरड्यापेक्षा कमी ठेवलेली असते. वारा वाढला नसतानाही "आज उतरता येत नाही" असं होतं ते यामुळे.

पाणी जास्त साचलं की आणखी वाईट प्रकार होतो. चाक इतक्या वेगाने फिरतं की पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर चढतो, पट्टीला लागतच नाही. 200 पौंडांच्या आसपास दाब असलेल्या विमानाच्या टायरला हा धोका साधारण 125 नॉटच्या वर असतो, म्हणजे नेमका टेकण्याच्या वेगाला. धावपट्टीवर आडव्या बारीक खाचा कोरतात त्या पाणी वाहून जावं म्हणून.

टेकल्यावर पंखांवर उभे राहणारे पत्रे तुम्ही खिडकीतून पाहिले असतील. लोकांना वाटतं ते हवा अडवून वेग कमी करतात. करतात, पण त्यांचं मोठं काम वेगळं आहे. ते पंखांची उचल मारतात, त्यामुळे विमानाचं वजन चाकांवर येतं. घर्षण हे चाकावरच्या दाबावर अवलंबून असतं, तेव्हा गल्ल्यात भर पडते. इंजिनाचा उलटा रेटा टायरच्या पकडीवर अवलंबून नसतो, म्हणून ओल्यात तो फार कामाचा. पण विमानाचं नाक तिरकं झालेलं असेल तर त्या उलट्या रेट्याचाही एक आडवा घटक तयार होतो आणि तो विमानाला पट्टीच्या कडेकडे ओढतो. अशा वेळी वैमानिक आधी रेटा कमी करून नाक सरळ करतो, मग पुन्हा लावतो. वेग कमी करायचं साधन सोडून द्यावं लागणं हे मनाला पटत नाही, पण बाण तसंच सांगतात.

आता विमान बाजूला ठेवा आणि दुचाकी घ्या. वाकोल्याच्या पुलावर, पश्चिम द्रुतगती मार्गाच्या जोडरस्त्यांवर, पावसात डिलिव्हरीची पेटी पाठीला लावून जाणारी आपली किती मुलं आहेत! वळण घेताना टायरच्या पकडीतला मोठा हिस्सा वळण्यातच खर्च होतो. तिथे अचानक ब्रेक दाबला की गल्ला रिकामा आणि गाडी आडवी. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात फार तर हलका. ॲक्सिलरेटरही तसाच, तोही त्याच गल्ल्यातून खर्च करतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हे खरं, पण रस्त्यावर नसलेली पकड तो आणू शकत नाही. रंगवलेले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, यांवर पकड आणखी घसरते. हे मुलांना उपदेश म्हणून सांगितलं तर ऐकत नाहीत. 30-40-50 चा त्रिकोण कागदावर काढून दाखवला तर निदान थांबून बघतात.

पाठीमागून येणारा वारा

आडव्या वाऱ्यात निदान विमान तिरकं दिसतं. पाठीमागून येणारा वारा काहीच दाखवत नाही, आणि म्हणून तो जास्त फसवा आहे.

पंखांना उचल मिळते ती हवेच्या तुलनेत असलेल्या वेगामुळे. थांबायचं असतं जमिनीच्या तुलनेत. समजा विमानाला हवेत 150 नॉट हवेत. समोरून 14 नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग 136. तोच वारा मागून आला तर 164. फरक 28 नॉटचा, फार वाटत नाही. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 164 चा वर्ग भागिले 136 चा वर्ग करा: 1.45. ब्रेक तोच, पट्टी तीच, पण थांबायला लागणारं अंतर सुमारे 45 टक्के जास्त. वारा उलटला एवढ्यानेच.

हा हिशेब आपल्या देशाने एकदा फार महागात पाहिला. 7 ऑगस्ट 2020, करोनाच्या काळात वंदे भारत मोहिमेतून दुबईहून कोझिकोडला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. 190 माणसं, त्यांत बहुतेक आखाती देशांत पोट भरायला गेलेली आणि नोकरी गेल्याने किंवा अडकून पडल्याने परतणारी. कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, दोन्ही टोकांना उतार. पाऊस चालू होता. पहिला प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर गेलं, ते बरोबरच होतं. दुसऱ्या वेळी ते उलट्या बाजूने, पाठीमागून सुमारे 14 नॉट वारा घेऊन आलं. 2,700 मीटरच्या पट्टीवर ते जवळजवळ निम्मी पट्टी मागे टाकून टेकलं. उरलेल्या अंतरात थांबू शकलं नाही आणि उतारावरून खाली जाऊन तुटलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा जीव गेला. विमान अपघात तपास ब्युरोच्या अहवालात म्हटलं आहे की मार्ग स्थिर नसतानाही उतरणं चालू ठेवलं गेलं आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जायला सांगूनही विमान उतरवलं गेलं.

मागून वारा, ओली पट्टी आणि उशिरा टेकणं. यातलं एखादंच असतं तर कदाचित निभावलं असतं. तिन्ही एकाच बाजूला ओढत होते. आणि तोडगा सहवैमानिकाने सांगितला तोच होता, जो आपल्याला टर्मिनलच्या बाहेर उभं राहून सगळ्यात कटकटीचा वाटतो: इंजिन पूर्ण जोरात, नाक वर, पुन्हा एक फेरी. त्यात वीसेक मिनिटं आणि थोडं इंधन जातं. विमानात कधी कुणी आवाज चढवून केबिन क्रूला विचारतं, "अजून किती वेळ?" एखाद्या वैमानिकाने सलग दोनदा फेरी मारून विमान अहमदाबादला नेलं तर सोशल मीडियावर शिव्यांचा पाऊस पडतो. हा दबाव बाणांच्या चित्रात दिसत नाही, पण तोही असतोच, आणि तो नेहमी उतरण्याच्याच दिशेने ओढतो.

स्वतः करून बघायचं असेल तर अवघड नाही. प्रत्येक मोठ्या विमानतळाच्या हवेची नोंद दर अर्ध्या किंवा एक तासाला निघते आणि इंटरनेटवर कुणालाही दिसते. मुंबईचं सांकेतिक नाव व्ही-ए-बी-बी. त्या नोंदीत वाऱ्याचा एक पाच अंकी गट असतो. पहिले तीन अंक म्हणजे वारा कुठल्या अंशाकडून येतो, पुढचे दोन म्हणजे किती नॉट. समजा गट 21016 असा आहे. 210 अंशांकडून 16 नॉट. धावपट्टी 27 शी कोन 60 अंश. समोरून निम्मा, म्हणजे 8. आडवा 13.9. हेच 32 वर करायला घेतलं तर कोन 110 अंशांचा होतो, 90 च्या पुढे गेला, म्हणजे वारा आता मागच्या बाजूला सरकला: पाठीमागून 5.5 आणि आडवा 15. त्याच पट्टीवर उलट्या टोकाने, 14 च्या दिशेने आलं तर कोन 70 अंश, समोरून 5.5 आणि आडवा पुन्हा 15. घरात नववीचं मूल असेल तर कोनमापक आणि पट्टी त्याच्या हातात द्या, बाण कागदावर काढून मोजायला लावा आणि मग खिडकीतून विमानाचं नाक कुठल्या बाजूला आहे ते बघू द्या.